लहानपणीचा पोकेमॉन: जुन्या गेम बॉय खेळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या पोकेमॉन खेळांच्या पहिल्या दोन पिढ्यांबद्दल आहेत: रेड, ब्लू, यलो आणि त्यांच्यामागून आलेले गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टल. पुढच्या खेळांचा उल्लेख गरजेपुरता येईल. ज्यांनी हे खेळ लहानपणी जीव लावून खेळले आणि इतक्या वर्षांनी ज्यांना पुन्हा त्यांची ओढ लागली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

जुन्या सामानात कार्ट्रिज सापडलं. सगळ्यात आधी काय करू?

चालू करून बघा, आणि तुमची फाइल दिसली तर तिची प्रत काढून ठेवा. बाकी सगळं नंतर.

सेव्ह केलेली फाइल या कार्ट्रिजमध्ये ३२ किलोबाइटच्या एका छोट्या मेमरीत असते. वीज मिळत राहिली तरच ती टिकते. गेम बॉय बंद असताना ही वीज देते ती कार्ट्रिजच्या आत बसवलेली बटणासारखी चपटी लिथियम बॅटरी. ती संपली की फाइल गेली. खेळ पुढेही चालतो, कारण तो वेगळ्या, कायमस्वरूपी चिपवर आहे; पण तुमचं नाव, सोबतचे सहा पोकेमॉन, बॉक्समध्ये जपून ठेवलेले बाकीचे, सगळं पुसलं जातं. जपानबाहेर रेड आणि ब्लू १९९८ मध्ये आले. म्हणजे त्या पहिल्या कार्ट्रिजमधल्या बॅटऱ्यांनी पंचवीस वर्षं कधीच ओलांडली आहेत. काही अजून तग धरून आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

प्रत काढायला कार्ट्रिज रीडर नावाचं छोटं उपकरण मिळतं. कार्ट्रिज त्यात खोचायचं, उपकरण यूएसबीने संगणकाला जोडायचं आणि फाइल उतरवून घ्यायची. त्याआधी कार्ट्रिजच्या खालच्या धातूच्या पट्ट्या कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसून घ्या. लहानपणी सगळेच फुंकर मारायचे, पण ती सवय आता सोडा. श्वासातल्या ओलाव्याने त्या पट्ट्या खराब होतात.

बॅटरी मी स्वतः बदलू शकते का?

सोल्डरिंग येत असेल तर हो. कार्ट्रिज उघडायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट स्क्रूड्रायव्हर लागतो, साध्या पेचकसाने ते उघडत नाही. नवी बॅटरी धातूच्या टॅब आधीच जोडलेली अशीच घ्या. लिथियम बॅटरीवर थेट सोल्डरिंग करू नका, ती तापून फुटू शकते. चिकटपट्टी लावून बॅटरी नुसती दाबून बसवण्याचा सल्लाही ऐकू नका. कार्ट्रिज जरा हललं की संपर्क तुटतो आणि फाइल जाते.

आणि क्रम पाळा: आधी प्रत, मग जुनी बॅटरी काढणं, नवी बसवणं, आणि शेवटी ती प्रत परत कार्ट्रिजमध्ये चढवणं. स्वतः करायची भीती वाटत असेल तर जुनी उपकरणं दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्या, पण प्रत काढल्यावरच.

रेड चालू आहे, पण त्याच्यानंतर आलेल्या गोल्डची फाइल आधी कशी गेली?

गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टलमध्ये घड्याळ आहे. खेळातली सकाळ, दुपार, रात्र त्या घड्याळावर चालते आणि खेळ बंद असतानाही ते थांबत नाही. सीआर २०२५ जातीच्या एकाच बॅटरीवर घड्याळ आणि मेमरी दोन्हींचा भार पडतो, म्हणून ती लवकर संपते.

गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरच्या रुबी आणि सफायरमध्ये ही अडचण राहिली नाही. तिथे बॅटरी संपल्याचा संदेश येतो, घड्याळावर अवलंबून असलेल्या गोष्टी थांबतात, पण फाइल फ्लॅश मेमरीत असल्यामुळे सुखरूप राहते. फायररेड आणि लीफग्रीनच्या अस्सल कार्ट्रिजमध्ये तर बॅटरीच नसते. आत बॅटरी दिसली तर ते कार्ट्रिज बनावट समजा.

गेलेली फाइल परत आणता येते का?

नाही. पण तुम्ही त्या काळी कोणाला एखादा पोकेमॉन दिला असेल, तर तो त्यांच्या कार्ट्रिजमध्ये तुमच्या नावासकट अजून असू शकतो. विचारून बघा.

एकट्याने सगळे पोकेमॉन पकडता का येत नव्हते?

खेळ मुद्दाम तसाच बनवला होता, आणि त्याच्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते.

खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांचं बालपण टोकियोच्या कडेला, माचिदा भागात गेलं. त्यांना किडे गोळा करण्याचं वेड होतं. पुढे शहर वाढलं, तळी आणि झाडी गेली. गेम बॉय १९८९ मध्ये बाजारात आला आणि त्याच्यासोबत दोन यंत्रं जोडणारी लिंक केबलही आली. तिचा उपयोग तेव्हा मुख्यतः एकमेकांशी स्पर्धा करण्यासाठी व्हायचा. ताजिरींना मात्र त्या केबलमधून एखादा किडा सरपटत या यंत्रातून त्या यंत्रात जाताना दिसला. खेळ तिथून सुरू झाला. तो पूर्ण व्हायला सुमारे सहा वर्षं लागली आणि २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये रेड आणि ग्रीन आले. दोन वेगवेगळ्या आवृत्त्या काढण्याची कल्पना निन्टेंडोचे खेळरचनाकार शिगेरू मियामोतो यांच्याकडून आली.

रेडमध्ये एकान्स, ग्रोलिथ, स्कायथर मिळायचे. ब्लूमध्ये त्यांच्या जागी सँडश्रू, वुलपिक्स, पिन्सर. सुरुवातीच्या तिघांपैकी एकच तुमचा. दोन जीवाश्मांपैकी एकच उचलता यायचा. कडाब्रा, मचोक, ग्रॅव्हलर आणि हाँटर हे चौघे तर दुसऱ्याच्या हातात गेल्याशिवाय पुढचं रूपच घेत नसत. कितीही हुशार असलात, कितीही तास दिलेत, तरी पोकेडेक्स, म्हणजे सगळ्या पोकेमॉनची यादी, पुरी करायला दुसरं माणूस लागायचंच.

म्हणून या खेळाची आठवण निघाली की सोबत कोणाचं तरी नाव निघतं. केबल कोणाकडे होती, कोणाकडे ब्लू होता, त्याचा अलाकाझाम, म्हणजे पुढचं रूप, होऊन मिळावा म्हणून आपला कडाब्रा कोणाच्या हवाली केला आणि तो परत मिळेपर्यंत जीव कसा खालीवर होत होता, हे सगळं त्या खेळाचाच भाग होतं.

एका मैत्रिणीने दिलेला पोकेमॉन माझ्याकडे अजून आहे. त्यात तिची काही खूण राहते का?

राहते. त्या पोकेमॉनच्या माहितीच्या पानावर ‘ओटी’ अशा दोन अक्षरांपुढे मूळ ट्रेनरचं, म्हणजे तो पहिल्यांदा ज्याचा होता त्या खेळाडूचं, नाव असतं आणि त्याच्या वर एक ओळख क्रमांक. तो कितीही वेळा हस्तांतरित झाला तरी हे नाव बदलत नाही. तिने ठेवलेलं टोपणनावही तुम्हाला बदलता येत नाही. टोपणनाव बदलून देणारा, खेळातल्या लॅव्हेंडर टाउन गावातला माणूस दुसऱ्याच्या पोकेमॉनला हात लावत नाही. असा पोकेमॉन अनुभव दीडपट वेगाने मिळवतो, पण पुरेसे बॅज (जिमच्या प्रमुखांना हरवून मिळणारी पदकं) नसतील तर तुमचं ऐकत नाही. त्याला जन्मदात्या ट्रेनरची आठवण आहे असंच आम्ही तेव्हा मानायचो.

मैत्रिणीशी संपर्क असेल तर त्या पानाचा फोटो काढून पाठवा. तिची स्वतःची फाइल बहुधा कधीच गेली असेल, आणि सात अक्षरांत बसवलेलं तिचं ते नाव कदाचित फक्त तुमच्याकडे उरलं असेल.

ट्रकखाली म्यू होता का?

नव्हता. म्यू हा सरळ मार्गाने न मिळणारा गुप्त पोकेमॉन, आणि तो खेळातल्या एका ट्रकखाली लपलाय अशी तेव्हा मुलांमध्ये अफवा होती. ट्रक मात्र खरा होता. व्हर्मिलियन सिटीच्या बंदरात एस. एस. अ‍ॅन जहाजाच्या बाजूला, पाण्यापलीकडे तो उभा होता. सरळ मार्गाने खेळणाऱ्याला तो कधी दिसायचाच नाही, कारण पाण्यावरून जाण्याची कला, म्हणजे सर्फ, मिळेपर्यंत जहाज निघून गेलेलं असायचं. जहाज धक्क्याला थांबवून ठेवण्याच्या युक्त्या होत्या. उदाहरणार्थ, कट, म्हणजे एरवी जहाजावर मिळणारी झुडपं कापण्याची कला, शिकलेला पोकेमॉन कोणाकडून तरी घ्यायचा आणि जहाजावर न जाताच खेळ पुढे न्यायचा. इतक्या खटपटीनंतर तिथे पोहोचल्यावर एकटाच उभा असलेला ट्रक दिसला, तर त्याच्याखाली काहीतरी आहे असं कोणत्या मुलाला वाटणार नाही? पण जड वस्तू ढकलण्याच्या स्ट्रेंथ या कलेनेही तो हलत नाही आणि त्याच्याखाली काही नाही. फायररेड आणि लीफग्रीनच्या निर्मात्यांनी त्या अफवेची आठवण ठेवून ट्रकजवळ लाव्हा कुकी नावाचा खाऊ ठेवला.

म्यू मात्र कार्ट्रिजमध्ये सुरुवातीपासून होता. खेळ तयार होत आल्यावर चाचणीसाठीचा कोड काढला आणि सुमारे ३०० बाइट जागा मोकळी झाली. प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी तिथे म्यू बसवला. १९९६ मध्ये जपानच्या कोरोकोरो मासिकाने २० वाचकांना म्यू देण्याची घोषणा केली, तेव्हा ७८ हजारांच्या आसपास अर्ज आले.

मला थक्क करणारी गोष्ट यापुढची आहे. २००३ मध्ये म्यूला पकडण्याची पद्धत सापडली. नगेट ब्रिजजवळच्या एका ट्रेनरची नजर पडता पडता मेनू उघडून अब्रा या पोकेमॉनच्या टेलिपोर्ट कलेने निसटायचं, मग पुढच्या रस्त्यावर स्लोपोक बाळगणाऱ्या एका मुलाशी लढायचं आणि परत फिरायचं. मेनू आपोआप उघडतो, आणि तो बंद केला की सातव्या लेव्हलचा म्यू समोर येतो. सगळ्या कार्ट्रिजमध्ये हे पहिल्या दिवसापासून शक्य होतं. ट्रकभोवती घिरट्या घालणाऱ्या मुलांचा ठिकाणाचा अंदाज चुकला. म्यू खेळात आहे यावरचा त्यांचा विश्वास खरा होता.

मिसिंगनो म्हणजे नेमकं काय? त्याने फाइल खराब होते का?

मिसिंगनो हा पोकेमॉन नाही. यादीतल्या रिकाम्या क्रमांकावर गेल्यावर खेळ जे काही दाखवतो, ते मिसिंगनो. व्हिरिडियन सिटीतला म्हातारा पोकेमॉन पकडण्याचं प्रात्यक्षिक दाखवतो, तेव्हा पडद्यावर त्याचं नाव यायला हवं. म्हणून खेळ तुमचं नाव तात्पुरतं दुसरीकडे हलवतो, आणि ती जागा जंगली पोकेमॉनच्या यादीची असते. नंतर तिथून थेट उडून सिनाबार बेटावर गेलात तर ती यादी बदलत नाही, कारण बेटावर गवतच नाही. बेटाच्या पूर्व किनाऱ्याचं पाणी मात्र गवताची यादी वाचतं. तिथे सर्फ केलं की तुमच्या नावातली अक्षरं खेळ पोकेमॉन आणि त्यांच्या लेव्हल म्हणून वाचतो.

समोर काय येणार हे तुमच्या नावावर ठरायचं! एकाला मिसिंगनो दिसायचा, दुसऱ्याला शंभराच्या वरच्या लेव्हलचा भलताच कोणी, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगायचा की आपलंच खरं. सगळे खरं सांगत होते.

तो भेटला की पिशवीतली सहावी वस्तू १२८ ने वाढायची, म्हणून तिथे लेव्हल वाढवणारी रेअर कँडी किंवा हमखास पकडणारा मास्टर बॉल ठेवायची पद्धत होती. फाइल सहसा खराब होत नाही. हॉल ऑफ फेममधल्या नोंदी मात्र विस्कटतात, आणि चित्रं काही काळ वेडीवाकडी दिसतात. पहिल्यांदा अजिंक्य झालात तेव्हाची टीम नोंदीत जपायची असेल तर या वाटेला जाऊ नका.

पोके बॉल हलत असताना बटण दाबून धरल्याने फायदा व्हायचा का?

नाही. पोकेमॉन पकडायचा हा चेंडू फेकला त्याच क्षणी निकाल लागलेला असायचा.

लॅव्हेंडर टाउनच्या संगीताने मुलं आजारी पडली होती, हे खरं आहे का?

खोटं आहे. ही गोष्ट इंटरनेटवर खूप नंतर रचली गेली. खरी घटना वेगळी: १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या टीव्ही मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा लखलखला आणि ६८५ च्या आसपास मुलांना रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद राहिली. खेळाचा त्यात काही संबंध नव्हता.

लॅव्हेंडरची भीती मात्र खरी होती, आणि ती मन लावून घडवलेली होती. बाकीची गावं उजळ, खेळकर. आणि इथे एकदम पोकेमॉनच्या थडग्यांचा मनोरा, उंच पट्टीतले ते एकसुरी स्वर, आणि पिल्लाला वाचवताना मेलेल्या मॅरोवॅकचं भूत. आपल्या खेळातले हे प्राणी मरतात, हे अनेकांना पहिल्यांदा त्या मनोऱ्यात कळलं. मुलांच्या खेळात हे ठेवायला धैर्य लागतं.

ते संगीत इतकं का लक्षात राहिलं?

गेम बॉयला आवाजाचे चारच मार्ग होते: सूर वाजवणारे दोन, एक लहरीचा आणि एक खरखरीचा. एवढ्यात जुनिची मासुदा यांनी प्रत्येक रस्त्याला आणि गावाला स्वतःची चाल दिली. वाद्यं नाहीत, शब्द नाहीत, म्हणजे चालीलाच सगळा भार पेलायचा होता. म्हणून त्या चाली इतक्या ठसठशीत आहेत. त्यात त्या छोट्या आणि पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या. एखाद्या गुहेत वाट चुकलात तर तासभर तीच चाल कानात. प्राण्यांचे आवाज मात्र जागेअभावी मोजकेच होते, आणि त्यांचाच वेग आणि पट्टी बदलून सगळ्यांना वाटून दिले होते. चारिझार्ड आणि ऱ्हायहॉर्नचा आवाज तर तंतोतंत एकच आहे. एकदा लागोपाठ ऐकून बघा.

हे सगळं मेंदूत खरंच कुठे साठलेलं असतं का?

हो, आणि ते मोजूनही पाहिलं आहे. २०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी लहानपणी पोकेमॉन भरपूर खेळलेल्या ११ प्रौढांच्या आणि न खेळलेल्या ११ जणांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. खेळलेल्यांच्या मेंदूचा दृष्टीशी संबंधित एक ठरावीक भाग पोकेमॉनची चित्रं पाहून जास्त प्रतिसाद देत होता, आणि तो भाग सगळ्यांमध्ये जवळपास एकाच जागी होता. संशोधकांच्या मते याचं कारण असं की सगळ्यांनी ते प्राणी छोट्या पडद्यावर, साधारण तेवढ्याच अंतरावरून, नजरेच्या मध्यभागी पाहिले होते.

आता खेळताना फार संथ आणि चुकांनी भरलेला वाटतो. तेव्हा कळलं कसं नाही?

चुका होत्याच. फोकस एनर्जी या कलेने जोरदार फटक्याची शक्यता वाढायला हवी, ती उलट घटते. भुतांचे हल्ले सायकिक जातीवर भारी पडतात असं खेळ सांगतो आणि प्रत्यक्षात त्यांचा काही परिणाम होत नाही. त्यामुळे अलाकाझाम आणि म्यूटूला जवळपास तोडच नव्हती. पिशवीत २० प्रकारच्या वस्तू मावायच्या. पीसीतला बॉक्स भरला की नवा पोकेमॉन पकडता यायचा नाही, आणि हे कळायचं तेही भर लढाईत.

पण तेव्हा आपण खेळाशी भांडत नव्हतो. पडद्यावर जे घडतंय तोच त्या जगाचा नियम, असं धरून चालायचो. आज पुन्हा खेळताना संथपणाचा त्रास झाला तर खेळ थोडा थोडा खेळा: एक गाव, एक जिम, आणि बंद. तेव्हाही तो असाच, मिळेल त्या वेळेत खेळला जायचा.

पुन्हा खेळायचा तर कोणता?

मी गोल्ड किंवा सिल्व्हर सांगेन. २५१ पोकेमॉन, दिवस-रात्र, अंडी, लाल गॅराडॉस, आणि स्पर्धा जिंकल्यावर उघडणारा सबंध जुना कांटो, म्हणजे पहिल्या खेळाचा प्रदेश. तीन वर्षं उलटलेली असतात. पहिल्या खेळातल्या रस्त्यांवरून तुम्ही परत चालता. काही बदललेलं असतं, काही तसंच. आणि अगदी शेवटी माउंट सिल्व्हरच्या गुहेत रेड उभा असतो, तुम्ही पहिल्या खेळात जो होता तोच. त्याच्याकडे ८१ व्या लेव्हलचा पिकाचू असतो आणि तो एक शब्द बोलत नाही. मुलांच्या वाढत जाण्याबद्दल इतकं नेमकं काही मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेलं नाही.

मूळ खेळाचा वेग सोसवत नसेल तर २००९ मध्ये आलेले हार्टगोल्ड आणि सोलसिल्व्हर घ्या. रेडची कथा हवी पण सोय नवी हवी, तर २००४ चे फायररेड आणि लीफग्रीन.

सुरुवातीला कोणाला निवडू?

लहानपणी जो निवडला होता तो नको. आगीच्या चारमँडरची सगळ्यांना भीती घालतात, कारण पहिल्या जिमच्या ब्रॉककडे दगडाचे पोकेमॉन असतात; पण त्याच्या ओनिक्सचं स्पेशल, म्हणजे अशा हल्ल्यांपासून बचाव करणारा आकडा, इतकं कमी आहे की चारमँडरच्या साध्या एम्बर या आगीच्या हल्ल्यानेही काम होतं.

जुने पोकेमॉन नव्या खेळात नेता येतात का?

गेम बॉयच्या कार्ट्रिजमधून नाही. रुबी-सफायरपासून आतली रचना बदलली आणि वाट तुटली. गोल्ड, सिल्व्हर किंवा क्रिस्टलमधून त्यांच्यातल्या टाइम कॅप्सूल या सोयीने मागे रेडमध्ये जाता येतं, पुढे नाही. रुबीपासूनचे मात्र टप्प्याटप्प्याने डीएस आणि थ्रीडीएस ही पुढची यंत्रं आणि पोकेमॉन बँक करत पोकेमॉन होमपर्यंत (दोन्ही पोकेमॉन साठवण्याच्या ऑनलाइन सेवा) नेण्याची वाट तयार झाली. थ्रीडीएसवर २०१६ पासून आलेल्या रेड, ब्लू, यलोच्या डिजिटल आवृत्त्यांतूनही बँकेत जाता यायचं, पण त्या आवृत्त्या विकणारं थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद झालं. तुमच्या थ्रीडीएसवर हे आधीच उतरवलेलं असेल तर ते यंत्र विकू नका.

मुलाला हा खेळ द्यायचा आहे. कसा देऊ?

दोन द्या: दोन कार्ट्रिज, दोन गेम बॉय, एक केबल. एक त्याला आणि एक तुम्हाला, किंवा त्याच्या मित्राला. आणि उत्तरं सांगू नका. रॉक टनेल या काळोख्या गुहेत उजेड पाडणारी फ्लॅश ही कला लागते हे त्याला अंधारात चाचपडून कळू दे. त्याने एखादी अफवा घरी आणली तर लगेच खोडून काढू नका.

नव्याने सुरू करायचंय, पण जुनी फाइल पुसवत नाही.

मग पुसू नका. या खेळांत एकच फाइल ठेवता येते; ‘न्यू गेम’ निवडून एकदा सेव्ह केलंत की जुनी कायमची जाते. सुरुवातीच्या पडद्यावर वर, सिलेक्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबली की फाइल पुसायची का असं खेळ विचारतो, तेव्हा कार्ट्रिज लहान मुलांच्या हाती देताना सांभाळा. नवी सुरुवात करायला दुसरं कार्ट्रिज घ्या. ते शक्य नसेल तर फाइलची प्रत काढा, ती संगणकावर उघडून खात्री करा आणि दोन ठिकाणी ठेवा. त्यानंतर, कोणाकडे दुसरं कार्ट्रिज असेल तर केबलने तुमचे लाडके सहा तिकडे पाठवा, नवा खेळ सुरू करा, आणि बॅज मिळत जातील तसे एकेकाला परत बोलवा. जुन्या नावासकट येतील.